शेअरच्या कागदावरची तिसरी बाई

विंझर, ता. वेल्हे
९ डिसेंबर २०२४

सम्राट पेंटर, भोर, यांना विंझरच्या धोंडाबाईचा रामराम.

तुमी मला वळखत न्हाई. आमच्या लोंबी भात कंपनीनं औंदा सभासदांना शेअरचे कागद वाटले, त्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तुमचं नाव आन भोरचा पत्ता हाय. त्याच्यावरनं लिवते. माझी शाळा चौथीपतुर, चुकलंमाकलं समजून घ्या.

आमचे चेअरमन कोंडिबा सभेत म्हनले, खरे शेअर कॉम्प्युटरात हायेत, ते डोळ्याला दिसत न्हाईत. हा कागद इकायचा न्हाई, बँकेत न्यायचा न्हाई, आपली बी एक कंपनी हाय ह्याची आठवन म्हनून भिंतीला लावायचा. आन कागद तरी कसला! लग्नपत्रिकेवानी जाड. चारी बाजूंनी भाताच्या लोंब्या, वर तोरना गड, मधी सोनेरी अक्षरात माझं नाव. सातबाऱ्यावर माझं नाव न्हाई, घरावर न्हाई. माझा पोरगा माऊली फ्रेम करून घिऊन आला.

फ्रेम लावताना म्या खालचं चित्र बगितलं. पाच बाया भाताची लावनी करत्यात. चौघी वाकल्यात. डावीकडनं तिसरी मातुर उभी ऱ्हायलीय, हातात रोपाची मूठ, आन मान वळवून मागं बगतीय.

ती माझी रत्ना हाय.

सहा वर्सं झाली. दिवाळीच्या दिसांत माझी लेक पानशेतच्या पान्यात गेली. काठावर चपला घावल्या, पिशवी घावली, ती घावली न्हाई. आमी दहावं-तेरावं सारं केलं. माझ्यापाशी तिचा एक बी फोटो न्हाई, लग्नाचा आल्बम जावयबापूंच्या घरी हाय, आन त्यांनी दुसरं लगीन केलंय, मागायचा तरी कसा. म्हनून तुमचा राग न्हाई दादा, उपकारच हायेत. तुमी तिला कवा बगितलं? लग्नाआदी आमच्या रानात आलता का? तेवढंच चित्र मोठं करून मिळंल का?

फोन केला असता, पन फोन माऊलीकडं असतो आन आमच्या घरात एकाचं बोलनं चौघं ऐकत्यात. पत्र गेनबा पोस्टमन माझ्या हातात देतो.

तुमची,
धोंडाबाई भुरुक


भोर
१६ डिसेंबर २०२४

धोंडाबाई मावशींना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या लेकीबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

मावशी, मी पाट्या रंगवणारा माणूस. दुकानाच्या, शाळेच्या, टेम्पोच्या मागच्या. कंपनीचं काम आलं तेव्हा कोंडिबा म्हणाले, लोकांना तो कागद टाकून द्यावासा वाटू नये एवढंच बघ. म्हणून महिनाभर बसून शाईनं चित्र काढलं. त्यातल्या बाया कुणी एक अशा नाहीत. इथला डोळा, तिथलं नाक, असं करत चेहरा होतो. तुम्हाला त्यात तुमची लेक दिसली हा योगायोग समजा. माझ्या हातून तुमचं जुनं दुःख उकरलं गेलं, त्याची माफी मागतो.

मोठं चित्र सोबत पाठवतोय. पैसे पाठवू नका.

एक विचारतो. तुमचे जावई हल्ली कुठे असतात? ते पण कंपनीचे सभासद आहेत का?

आपला,
सम्राट रोकडे


विंझर
२२ डिसेंबर २०२४

सम्राटदादांना रामराम.

चित्र पोचलं. गव्हाच्या कनगीमागं ठिवलंय. घरात कुनी नसलं की काढते.

तुमी योगायोग म्हनता. आदी मला बी तसंच वाटलं. पन चित्र मोठं झाल्यावर हात दिसला. डाव्या हातात मूठ हाय, आन करंगळी वाकडी होऊन भाईर ऱ्हायलीय. दादा, माझ्या लेकीची करंगळी जन्मापास्नं वाकडी न्हवती. ती मोडली गेली त्याच दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. कुनी मोडली ते आता लिवते, कुनाला सांगितलं न्हाई.

धनाजी जावई मारायचे. पयल्यांदा आली तवा पाठीवर वळ हुते. म्या तेल लावलं आन परत धाडली. दुसऱ्यांदा ओठ फुटलेला. परत धाडली. तिसऱ्यांदा करंगळी मोडून आली. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आन म्हनला, महिना हलवू नको. ती म्हनली, “आई, औंदा मला हितंच ऱ्हाऊ दे.” म्या म्हनलं, “सनाच्या दिसात लेक माहेरी बसली तर लोकं काय म्हनतील? दिवाळी झाली की बगू.” चार भाकरी बांधून दिल्या आन एसटीत बशिवली. खिडकीतनं तिनं माझ्याकडं बगितलं बी न्हाई. पाचव्या दिशी निरोप आला.

ती गेली तवा करंगळीला कामट्या हुत्या. तुमच्या चित्रात करंगळी वाकडी जुळून आलेली हाय. म्हंजी तुमी तिला नंतर बगितलीय. आन तुमी जावयाचं का इचारलंत? कुनी वळखीचं नसंल तर मानूस असं इचारत न्हाई.

दादा, मी हात जोडते. माझी लेक जित्ती हाय का, तेवढं एका शब्दात लिवा.

धोंडाबाई


भोर
४ जानेवारी २०२५

मावशी,

आहे.

तो शब्द लिहून कागद दोन दिवस तसाच ठेवला होता. आता बाकीचं लिहितो.

सारोळ्याच्या अलीकडे हायवेलगत एक रोपवाटिका आहे. दोन वर्षांपूर्वी तिची पाटी रंगवायला गेलो होतो. मागच्या खाचरात लावणी चालली होती. एक बाई मध्येच उभी राहिली आणि तिनं रस्त्याकडे वळून बघितलं. मी मोबाईलवर फोटो काढला. ती चिखलातून सरळ माझ्याकडे चालत आली. “पुसा त्यो.” मी म्हटलं, पुसतो. पुसला नाही. कागदाचं चित्र काढायला बसलो तेव्हा तीच डोळ्यांपुढे आली, आणि मी तिला जसंच्या तसं उतरवलं. तीनशे ऐंशी प्रती छापल्या. तिला कळणार कसं, असंच धरून चाललो. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा घाबरलो आणि खोटं लिहिलं.

एक तारखेला कोरेगावला विजयस्तंभाला जाऊन आलो, दुसऱ्या दिवशी सारोळ्याला गेलो. तिनं आधी मला हाकललंच. मग तुमचं नाव घेतलं तेव्हा पिशव्यांत माती भरता भरता बोलली. चपला काठावर ठेवून अनवाणी डोंगर उतरली, पहाटे दुधाच्या टेम्पोत बसली. आता तिचं नाव वेगळं आहे, ते मी लिहीत नाही. मालकीणबाई चांगल्या आहेत. खोली आहे. तिच्या हाताखाली चार बाया आहेत.

ती म्हणाली, “आईला काई कळवू नका. आईनं मला तीनदा परत धाडलं, चौथ्यांदा बी धाडंल. वाईट न्हाई ती. तिला दुसरं काई ठावंच न्हाई.”

मी कबूल केलं, आणि घरी येऊन हे लिहितोय. तिला दिलेला शब्द मी दुसऱ्यांदा मोडला. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण मावशी, लगेच निघू नका.

सम्राट


विंझर
१३ जानेवारी २०२५

सम्राटदादा,

तुमचं पत्र वाचलं आन म्या रानात जाऊन बसले. रडू आलं न्हाई. तिचं तेरावं केलं तवा बी आलं न्हवतं. मेलेल्या मानसाचं दुख करता येतं. लेक जित्ती हाय आन आपल्याला भिऊन हाय, ह्याचं काय करावं ते मला कळंना. तुमी लिवलंत लगेच निघू नका. म्या चप्पल घातली हुती. तुमचं वाक्य पुन्यांदा वाचलं आन चप्पल काढली.

पन गोष्ट माझ्या हातात ऱ्हायली न्हाई. आमच्या आळीत घरटी एक कागद हाय. कुनी देवाजवळ लावलाय, कुनी टीव्हीवर. कुठल्या बी दारातनं आत बगा, ती मान वळवून बगतीय. शेजारच्या रतनबाईची नात म्हनती, ही बाई मी जाईन तिकडं बगती. पलीकडच्या घरात तिच्या कपाळाला कुंकू लावलंय. बाया माझ्याशी बोलताना हळू बोलत्यात. समद्यांनी वळखलंय, तोंडानं कुनी म्हनत न्हाई.

आन धनाजी बी सभासद हाय. त्याच्या घरी संक्रांतीच्या तयारीला पावनी आलीती, ती म्हनली, ही तर तुमची पयली. काल त्यो हितं आला. चहा बी घेतला न्हाई. म्हनला, “सासूबाई, पोरगी लपवून ठिवली आन मला गावभर मेल्याचं सांगितलं? मी सहा वर्सं तोंड लपवून फिरलो. घावली तर केसाला धरून आनीन.” मी म्हनलं, ती पान्यात गेली बापू. त्यो म्हनला, “मग ही करंगळी?”

दादा, त्यानं बी करंगळीच बगितली. मोडनाऱ्याला बी ती पाठ हाय.

त्यो तुमच्याकडं येनार. त्याला काई सांगू नका. माझ्या गळ्याची आन हाय तुमाला.

धोंडाबाई


भोर
१८ जानेवारी २०२५

मावशी,

येऊन गेले. गुरुवारी दुपारी, बरोबर दोघं. दुकानात गिऱ्हाईक होतं ते उठून गेलं. धनाजींनी फ्रेम काउंटरवर ठेवली आणि तिसऱ्या बाईवर बोट दाबून धरलं. “हिला कुठं बघितलीस?” मी म्हटलं, मनातून काढली. माझी वही चाळली, मोबाईल काढून घेतला, सगळे फोटो बघितले. तो फोटो मी तुमच्या पत्रानंतर पुसला होता. दोन वर्षं उशिरा का होईना.

जाताना म्हणाले, “तू न्हाई बोलणार. पण तिची आई खोटी शपथ घेणार न्हाई.” सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेत कंपनीची सभा आहे ना? तिथं सगळ्यांसमोर तुमच्याकडून मेंगाई देवीची शपथ घेऊन वदवणार आहेत. तुम्ही ‘हीच रत्ना’ म्हणालात की ते तक्रार करणार, माणसं लावणार. टेम्पोवाले, दूधवाले सगळे त्यांच्या ओळखीचे आहेत. हायवेपर्यंत पोचायला त्यांना चार दिवस लागणार नाहीत.

मी कोंडिबांना म्हटलं, कागद परत घ्या, दुसरे काढून देतो, फुकट देतो. ते म्हणाले, “तीनशे ऐंशी फ्रेमा भिंतीवरनं कोण उतरवणार? आणि उतरवल्या तर धनाजीचंच खरं ठरंल.”

सारोळ्याला जाऊन तिला सगळं सांगितलं. माझ्या कागदाचंही सांगितलं. तिनं शिव्या दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पेटी भरायला लागली. कुठं जाणार, सांगेना. मी म्हटलं, सव्वीस तारखेपर्यंत थांब. पेटीचं झाकण लावता लावता तिनं विचारलं,

“आई काय म्हनली?”

मी म्हटलं, विचारून सांगतो. तुम्ही रानात जाऊन बसलात, हे काही उत्तर नव्हे.

सम्राट


विंझर
२८ जानेवारी २०२५

सम्राटदादांना रामराम.

सभा झाली. जसं झालं तसं लिवते.

झेंडा झाला, पोरांना खाऊ वाटला, मग मोठ्या वर्गात समदी बसली. गडीमानसं बाकांवर, बाया खाली सतरंजीवर. कोंडिबांनी भाताच्या गिरनीचं सांगितलं, आन ते खाली बसायच्या आत धनाजी उठला. फ्रेम छातीशी धरून मधी आला.

“माज्या सासूला इचारा. मेंगाईची शपथ घिऊन सांग म्हनावं, ही कोन.”

माऊली उठला, त्याला दोघातिघांनी बसवलं. म्या उठले. अक्काबाईनं, माझ्या जावंनं, कमरंला हात दिला. धनाजीनं फ्रेम माझ्या तोंडाम्होरं धरली. त्या काचंत माझं तोंड बी दिसत हुतं, तिच्या तोंडावर आलेलं.

म्या लई वेळ बगितलं. घाई केली असती तर कुनाला खरं वाटलं नसतं. आन खरं सांगू का, मला बगायचंच हुतं. आता ह्यापुढं असं सरळ बगता येनार न्हाई हे मला ठावं हुतं.

म्हनलं, “मेंगाईची शपथ. ही माझी रत्ना न्हाई.”

धनाजी म्हनला, “करंगळी बगा.”

“बगितली. माझ्या लेकीची करंगळी मोडून कामट्यात हुती. ती जुळायला महिना पायजे हुता. तिला तेवढे दिस मिळाले न्हाईत. आन बापू, तुमी करंगळीचा इषय काढलाच हाय तर समद्यांना सांगा, ती मोडली कुनी?”

त्यो म्हनला, पडली हुती. म्या म्हनलं, “पडली न्हाई. तुमी मोडली. आन म्या ते ठावं असताना तिला तुमच्या घरी परत धाडली. एकदा न्हाई, तीनदा. तुमी मारलं, म्या ढकललं. माझी रत्ना मेली ती अशी. आता मेलेल्या पोरीला शोधत गावोगाव फिरायचं असंल तर फिरा, पन ह्या समद्यांना ते सांगून फिरा.”

दादा, जे सहा वर्सं उरात हुतं ते समदं निघालं. खोटं त्यात एकच वाक्य हुतं. बाकी समदं खरं हुतं, म्हनून ते एक बी लोकांनी खरं धरलं.

मागनं एक म्हातारं म्हनलं, “धनाजी, फ्रेम खाली ठेव.” त्यानं ठिवली. त्याची दुसरी बायकू दाराशी बसली हुती, मांडीवर लेकरू. ती त्याच्याकडं बगत हुती, आन तो तिच्याकडं बगंना. मग तो गेला. त्यानंतर काल त्याच्या भावकीनंच त्याला म्हनलं म्हनं, इषय बंद कर.

माऊली माझ्याशी बोलत न्हाई. “आई, तुला ठावं हुतं?” एवढंच म्हनला. त्याला वाटतं म्या बहिनीला मारली. वाटू दे.

देवीची खोटी शपथ घेतलीय. तिला काय घ्यायचं ते ती माझ्याकडनं घील.

रत्नानं इचारलं ना, आई काय म्हनली? तिला सांगा, आई म्हनली, घरी येऊ नको. कवाच येऊ नको. पन दादा, ह्याचा अर्थ नीट समजावून सांगा. मला बोलायचं कळत न्हाई, माझं बोलनं तिला कायम उलटंच पोचलंय. हे अख्खं पत्रच तिला वाचून दावा.

धोंडाबाई


भोर
५ फेब्रुवारी २०२५

मावशी,

वाचून दाखवलं. ती ट्रेमध्ये बी टोचत होती. सभेचं आलं तिथं हात थांबले. पूर्ण झाल्यावर म्हणाली, परत वाचा. परत वाचलं. मग म्हणाली, “आईला शपथेचं लागंल का वो काई?” मी म्हटलं, मला देवीचं काही कळत नाही, पण लेकीसाठी घेतलेली शपथ आईला लागत असेल असं वाटत नाही. त्यावर ती तोंडाला पदर लावून आत गेली.

पेटी रिकामी केली आहे. ती कुठे जात नाही.

मी ह्यापुढे माणसाला विचारल्याशिवाय त्याचा चेहरा काढणार नाही. हे तुम्हाला सांगून काही भरून येत नाही, तरी सांगतो. आणि आपण आता एकमेकांना लिहू नये. गेनबा भला माणूस आहे, पण तुम्हाला भोरहून एवढी पत्रं कुणाची येतात, हे कुणीतरी विचारेल.

तुमचा,
सम्राट


विंझर
८ ऑक्टोबर २०२५

सम्राटदादांना रामराम.

लिवायचं न्हाई ठरलं हुतं. हे एकदाच. पोस्टात मी सोता जाऊन टाकनार हाय.

म्या माझी फ्रेम उतरवली न्हाई. उतरवली असती तर लोकांनी कारन शोधलं असतं. घरात येता-जाता खाली बगून चालते. पोरं, सुना, पावनं, समद्यांना तिच्याकडं बगायची मुभा हाय, मलाच न्हाई.

मागल्या आठवड्यात कंपनीनं बाया सभासदांना साताऱ्याच्या अंगाला भाताची गिरनी दावायला नेलं. एक गाडी भरून. जाताना चेलाडी फाट्यावरनं हायवेला लागलो आन म्या रस्त्याकडची एक एक पाटी वाचाय लागले. गिरनी बगितली, काय बगितलं ते इचारू नका. येताना सारोळं मागं टाकलं आन डायवरनं चहाला गाडी थांबवली. शेजारीच रोपवाटिका, तिच्यावर तुमी रंगवलेली पाटी. म्या जागेवरनं उठले न्हाई. म्हनलं माझं पाय दुखत्यात.

बाया चहा पिऊन रोपवाटिकेत शिरल्या. तीस जनी, त्यातल्या वीसजनींनी रत्नाला अंगाखांद्यावर खेळवलेली. मी खिडकीला तोंड लावून बसले. आता आरडाओरडा होईल, आता होईल.

काईच झालं न्हाई. थोड्या वेळानं अक्काबाई एकटी भाईर आली. खिडकीखाली उभी ऱ्हाऊन वर बगितलं. तिचे डोळे लाल हुते. म्हनली, “धोंडे, मिरचीची रोपं चांगली हायेत. उतर.”

म्या म्हनलं, मला नगं.

“उतर म्हनते ना. आमी हाय.”

उतरले. आत गेले तर बाया कुंड्या बगत, झेंडू बगत लांब लांब पांगलेल्या. कुनी माझ्याकडं बगंना. आन मधी ती, कमरंला पदर खोचून. अंगानं भरलीय. एक केस पांढरा हाय.

म्या म्हनलं, “काय गं बाई, मिरची तिखट हाय का?”

ती म्हनली, “हाय मावशी.”

“जगतील का आमच्याकडं? आमच्याकडं पाऊस लई.”

“जगतील. लावताना मूळ दुखवू नका.”

तिनं धा रोपं मोजली, पेपरात गुंडाळली. देताना पुडी लवकर सोडली न्हाई, म्या बी ओढली न्हाई. मग डायवरनं हॉर्न दिला.

गाडीत एरवी बाया गानी म्हनत्यात. त्या दिशी विंझर येईपतुर समद्या खिडकीभाईर बगत बसल्या. उतरताना रतनबाई म्हनली, “कसलं ऊन हुतं नाय तिथं, डोळं दिपलं, एक मानूस धड दिसलं न्हाई.” समद्याजनी म्हनल्या, “व्हय बाई, कुनीच दिसलं न्हाई.”

तुमची,
धोंडाबाई